जलनेती करताना नाक झोंबतं, कानात दडे बसतात. काय चुकतंय?

हडपसरकर: थंडी सुरू झाली की माझं नाक चोंदतं, भुवयांच्या वर ठणकतं आणि वाकलं की गालाची हाडं दुखतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्प्रेसोबत मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. तोटीचा गडू आणला. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालतो, पण आतून असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. नंतर नाक शिंकरलं की कान बंद होतात. पाणी आमच्या सोसायटीचं, टँकरचं. आरओचं घेऊ का?

योगवर्गवाल्या ताई: दादा, आधी पाण्याचं बघा, बाकी सगळं नंतर. नाकात घालायचं पाणी खळखळून ३ ते ५ मिनिटं उकळायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. टँकरचं, नळाचं थेट नको. घरच्या आरओच्या टाकीत पाणी साठून राहतं, म्हणून तेही उकळूनच. नाएग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत शिरतो. २०११ मध्ये अमेरिकेत लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं त्याने दगावली. असं फार क्वचित होतं, पण पाणी उकळायला लागतात पाच मिनिटं. वर्गात मी हे प्रत्येकाला सांगते आणि कुणी कंटाळा केला की मला खरंच राग येतो.

झोंबतं ते मीठ कमी पडल्यामुळे. चिमटीचा अंदाज चालत नाही. आपल्या रक्ताइतकं खारट, म्हणजे ०.९ टक्के पाणी नाकाला सोसतं. अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, साधारण पाऊण चहाचा चमचा, सपाट. आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर उत्तम. तरी झोंबलं तर चिमूटभर खायचा सोडा घाला.

बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करा, वरच्या नाकपुडीत तोटी लावा आणि श्वास तोंडाने घ्या. त्या वेळी बोलायचं नाही, गिळायचं नाही. झाल्यावर तसंच वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके उच्छ्वास सोडा. तुम्ही बहुतेक एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरता, त्या दाबाने पाणी कानाकडे जातं. गडू रोज धुऊन कोरडा करायचा.

सांगलीचा दंतवैद्य: ताईंना दुजोरा. एक भर घालतो: घाण वासाचा स्राव एकाच बाजूने येत असेल तर वरच्या दाढा तपासून घ्या. त्यांची मुळं गालातल्या सायनसला अगदी लागून असतात. तिथे किड पोचली असेल तर कितीही नेती केली तरी फरक पडत नाही.

योगवर्गवाल्या ताई: हे फार बरं सांगितलंत. आणि दादा, नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल त्या दिवशी नेती नको. डोळ्याभोवती सूज, अंधुक दिसणं, तापासोबत मान आखडणं, यांतलं काहीही झालं तर लगेच दवाखाना.

हडपसरकर: आज मापून मीठ घातलं. अजिबात झोंबलं नाही, आणि पिवळा घट्ट शेंबूड निघाला! मनापासून आभार. रात्री उकळलेलं पाणी सकाळी चालेल का?

योगवर्गवाल्या ताई: स्वच्छ, घट्ट झाकणाच्या बरणीत असेल तर २४ तासांच्या आत वापरा. त्यानंतरचं झाडांना घाला.