मागच्या घरापर्यंत वायफाय न्यायचे आहे : दोन राउटर कसे जोडावेत?

संत्रावाडी (प्रश्न)

नमस्कार. मी मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमचे जुने घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूचे असून भिंती चांगल्या दीड हात जाड आहेत. मागे अंगण, त्यानंतर टिनाचा गोठा आणि सांदवाडीच्या टोकाला चार वर्षांपूर्वी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, अशी मांडणी आहे. फायबर आले ते रस्त्याकडच्या ओसरीपर्यंत आणि जोडणी करणाऱ्या माणसाने आपली पेटी, म्हणजे वायफाय देणारा मुख्य राउटर, तिथेच खुंटीशेजारी ठोकली. टेप लावून मोजले तेव्हा त्या पेटीपासून मागच्या खिडकीपर्यंत ३८ मीटर भरले.

मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी मागच्या खोलीत करते. तिथे फोनवर वायफायची एखादी काडी दिसते आणि तीही टिकत नाही, त्यामुळे तास सुरू झाला की ती लॅपटॉप घेऊन गव्हाणीजवळच्या ओट्यावर येऊन बसते. भाच्याने पुण्याहून त्याचा जुना राउटर दिला आहे. तो आमच्या पेटीपेक्षा वेगळ्या कंपनीचा आहे. आतापर्यंत मी तीन प्रकार करून पाहिले.

पहिल्यांदा जुन्या राउटरच्या पानावर डब्ल्यूडीएस नावाचा चौकोन दिसला, त्यावर खूण करून यादीतून आमच्या पेटीचे नाव निवडले. जोडणी झाली असे दाखवत होते, पण एकही पान उघडले नाही. दुसऱ्यांदा तात्पुरती लांब वायर टाकून ती जुन्या राउटरच्या निळ्या पोर्टमध्ये लावली. नेट उत्तम चालले, मात्र ओसरीतला प्रिंटर मागच्या लॅपटॉपला सापडेना. तेव्हा तीच वायर पिवळ्या पोर्टमध्ये लावून पाहिली आणि घरभर गोंधळ उडाला. काही फोन चालत होते, काहींवर ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ असे येत होते, आणि जो फोन बंद करून सुरू करावा त्याचेच नेट जाण्याची भीती वाटू लागली. आईने शेवटी वायरच उपटली.

यातला बरोबर मार्ग कोणता आणि माझे कुठे चुकले, हे कोणी समजावून सांगेल का? पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि जुन्या राउटरच्या बुडाला १९२.१६८.०.१ असे छापलेले आहे.

तार आणि पक्कड

भाऊ, तुमच्या तिन्ही प्रयोगांत बिघाड वेगवेगळा आहे आणि तुम्ही नीट लिहिल्यामुळे तो इथे बसूनही ओळखता येतो. सर्वांत घोळाचा शेवटचा प्रयोग आधी घेतो, कारण तुमचे उत्तर त्यातच आहे.

नेटवर्कमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक फोनला एक आयपी पत्ता लागतो. तो वाटण्याचे काम राउटरमधली डीएचसीपी ही सोय करते आणि पत्ता देतानाच बाहेर जाण्याचा दरवाजा, म्हणजे गेटवे, कोणता हेही ती फोनला सांगून ठेवते. पिवळ्या पोर्टला वायर लावताच तुमच्या घरात एका पंगतीला दोन वाढपी झाले. फोनने पत्ता मागितला की ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याच्या ताटावर तो बसणार. पेटीने वाढले तर नेट चालते. भाच्याच्या राउटरने वाढले तर तो दरवाजा म्हणून स्वतःचाच १९२.१६८.०.१ हा पत्ता सांगतो, आणि त्या दरवाजामागे तर काहीच नाही, कारण त्याचे निळे पोर्ट रिकामे आहे. फोन बंद करून सुरू केला की तो नव्याने पत्ता मागतो, म्हणून तुमची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

निळे पोर्ट हे राउटरच्या दृष्टीने बाहेरच्या जगाचे असते. त्यात वायर लावली की राउटर आपल्या मागे वेगळा मोहल्ला वसवतो. लॅपटॉप प्रिंटरला शोधताना जी हाक मारतो ती आपल्याच मोहल्ल्यात ऐकू जाते, वेशीपलीकडे जात नाही. याला दुहेरी नॅट म्हणतात. नुसते तास पाहायचे असतील तर त्याने काही अडत नाही, पण पुढे गोठ्यात कॅमेरा लावलात की पुन्हा हीच कटकट उभी राहील.

राहिले डब्ल्यूडीएस. त्यात दोन राउटर हवेतूनच एकमेकांना जोडले जातात, परंतु ही जोडणी कशी बांधायची आणि तिची कुलूपकिल्ली कशी जुळवायची याबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही, त्यामुळे वेगळ्या कंपन्यांचे राउटर पुष्कळदा ‘जोडले’ असे दाखवूनही बोलत नाहीत. दोघांचे चॅनल एकच असावे लागते, आणि पेटी स्वयंचलित चॅनलवर असेल तर ती मनाला येईल तेव्हा चॅनल बदलते व जोडणी तुटते. शिवाय एकाच रेडिओने घ्यायचे आणि त्यानेच पुढे द्यायचे, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. तुमच्याकडे तर मध्ये दीड हात माती आणि टिनाचा गोठा आहे. टिनावरून लहरी परततात, त्यामुळे हा मार्ग जुळला असता तरी मी तो सुचवला नसता.

म्हणजे वायर पिवळ्या पोर्टमध्येच लावायची, फक्त दुसऱ्या वाढप्याला आधी खाली बसवायचे. भाच्याचा राउटर कशालाही न जोडता एकटा सुरू करा, लॅपटॉप वायरने त्याच्या पिवळ्या पोर्टला लावा आणि १९२.१६८.०.१ उघडा. प्रथम वायफायचे नाव, सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए२) आणि पासवर्ड हे सर्व पेटीवर आहे तेच ठेवा. त्यानंतर लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. जतन करताच पान नाहीसे होईल, त्याने घाबरू नये. वायर काढून पुन्हा लावली की नव्या पत्त्यावर पान उघडते. डीएचसीपी बंद करण्याचे काम अगदी शेवटी करा. ते आधी केलेत तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि राउटर मागच्या बारीक भोकात काडी खुपसून मूळपदावर आणावा लागेल. मी हे दोनदा केले आहे.

एक बारकावा राहतो. पेटी जे पत्ते वाटते त्यात १९२.१६८.१.२ हा पत्ताही असू शकतो आणि मग तो एखाद्या फोनला जाऊन भांडण होईल. पेटीच्या डीएचसीपीची सुरुवात १०० पासून करून टाका. चॅनल पेटीला १ आणि मागच्याला ६ किंवा ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. भाच्याच्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय मुळातच असेल तर ही सगळी खटपट तो स्वतः करतो.

नेटवर्कची वायर कॅट५ई प्रकारची घ्या, पण आतली तार खऱ्या तांब्याची आहे का हे पाहून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारात सर्रास मिळते आणि ती टोकाशी तुटते. अशा वायरची मर्यादा १०० मीटर आहे, तुमचे अंतर तर ३८च आहे.

डीपीजवळचे घर

वरचे सेटिंग अक्षर न अक्षर बरोबर आहे. वायरीबाबत मात्र मी असहमत आहे.

एका छपराखाली तांब्याची वायर ओढणे वेगळे आणि उघड्या अंगणातून एका इमारतीतून दुसरीत नेणे वेगळे. आपल्याकडे मृगाच्या आगेमागे विजा कशा कोसळतात हे सांगायला नको. माझ्या घरी अशीच ३० मीटर वायर गोठ्यावरून गेली होती. वीज घरावर पडलीच नाही, ती पलीकडच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबावर पडली. तरीही दोन्ही राउटरची पोर्टे गेली आणि एका टोकाला लावलेला टीव्हीही गेला. जवळ वीज पडली की लांब तारेत दाब निर्माण होतो, आणि दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असेल तर तो दाब नेमका तुमच्या यंत्रातून वाट काढतो.

म्हणून अंगणातून काच न्या, तांबे नको. फायबरच्या एका पदराची ड्रॉप केबल (घरापर्यंत आणतात ती बारीक केबल) आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे काचेतला प्रकाश तांब्याच्या वायरीत उतरवणाऱ्या डब्या, एवढेच लागते. काचेतून वीज वाहत नाही. मात्र काही ड्रॉप केबलींना ताण सहन करण्यासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती नसलेली, एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) काडी असलेली केबल मागा, नाहीतर दारातून हाकललेला चोर खिडकीतून आत येईल. केबल फार जोरात वाकवू नका, आतली काच तुटते.

उंदीर आणि घुशी यांचाही विचार करा. तुम्ही संत्रावाले आहात, म्हणजे घरी ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी पडलेली असणारच. तीच केबलवर चढवा. फक्त ती साधी लॅटरल, म्हणजे आतून मोकळी नळी, असावी, कारण इनलाइन नळीत आतच ड्रिपर बसवलेले असतात आणि केबल तिथे अडकते. अखंड ३८ मीटर नळीतून केबल सरकत नाही, त्यामुळे दहा-दहा मीटरचे तुकडे करून एकेक चढवावा आणि जॉइनरने जोडावा.

आणखी एक. लाइन गेल्यावर फक्त पेटीला इन्व्हर्टर असून भागत नाही, मागचा राउटर व दोन्ही कन्व्हर्टर चालू राहिले तरच तास चालेल. छोटा डीसी यूपीएस घेण्यापूर्वी राउटरच्या बुडाखालचा व्होल्टचा आकडा वाचा. पुष्कळ जुने राउटर ९ व्होल्टचे असतात आणि यूपीएसची पिन मात्र १२ व्होल्टचीही त्यात बेमालूम बसते.

तार आणि पक्कड

इमारती वेगळ्या आहेत हे माझ्या नजरेतून निसटले, मी एकच लांब घर धरून चाललो होतो. अंगणासाठी फायबरच योग्य. कन्व्हर्टरपासून राउटरपर्यंतचा हातभर तुकडा तेवढा तांब्याचा असू द्यावा.

टॉवरखालचा

खोदकाम टाळायचे असेल तर घराबाहेर लावण्याच्या, एकाच दिशेने लहरी सोडणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या दोन वायफाय पेट्या समोरासमोर बसवता येतात. २०१८ पासून या पट्ट्याचा मोठा भाग आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो. मी बांधापलीकडच्या विहिरीवरचा कॅमेरा असाच चालवतो. दोन्ही पेट्यांना एकमेकी दिसल्या पाहिजेत, ही मुख्य अट आहे. पानगळीत सुरळीत चाललेली जोडणी मधल्या झाडाला पालवी फुटली की मंदावते, कारण ओला पाला लहरी शोषतो. ३८ मीटरसाठी मला हे अति वाटते, ४०० मीटरवरच्या बागेसाठी विचार करा.

संत्रावाडी

सर्वांचे आभार. काम झाले, पण सरळ झाले नाही, म्हणून लिहितो.

राउटरचे सेटिंग अर्ध्या तासात आटोपले. कन्व्हर्टर अमरावतीहून आणले, ठिबकच्या नळीतून केबल चढवली, गोठ्याच्या पायथ्याशी वीतभर खोल चर घेऊन पुरली आणि सर्व जोडले, तरी फायबरचा दिवा काही लागेना. संध्याकाळपर्यंत मी केबलच तुटली असे धरून बसलो होतो. मग मुलीने दोन्ही कन्व्हर्टर उलटे करून त्यांवरची चिठ्ठी वाचली. दोन्हींवर ‘ए’ लिहिलेले होते. एका पदराच्या फायबरमध्ये एका टोकाने १३१० नॅनोमीटरवर पाठवायचे आणि १५५० वर घ्यायचे, दुसऱ्या टोकाने त्याच्या उलट, म्हणून एक ‘ए’ आणि एक ‘बी’ अशी जोडी लागते. माझ्या दोघांनाही एकाच रंगात बोलायचे होते आणि ऐकायला कोणीच नव्हते. दुसऱ्या दिवशी अमरावतीची आणखी एक फेरी झाली. दुकानदाराने बदलून दिले, तिकिटाचे पैसे माझे गेले.

भाच्याचा राउटर ९ व्होल्टचाच निघाला. १२ व्होल्टचा यूपीएस मी घेऊन ठेवलेला होता, तो आता पेटीला लावला आहे आणि मागे ९ व्होल्टचा वेगळा घेतला. मागच्या खोलीत पूर्वी २–३ एमबीपीएस मिळत असे, आता ५० च्या योजनेत ४६ मिळतात आणि प्रिंटरही दिसतो.

एकच तक्रार उरली आहे. ओसरीतून फोन घेऊन मागे गेलो की तो समोरच्याच पेटीला चिकटून राहतो. एक काडी उरली तरी मागचा राउटर धरत नाही, वायफाय बंद करून सुरू करावे लागते.

तार आणि पक्कड

कोणता राउटर धरायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. जुने फोन सिग्नल पार मरेपर्यंत सोडत नाहीत. पेटीच्या पानावर प्रक्षेपणाची ताकद कमी करण्याची सोय असेल तर ती मध्यमवर आणा, म्हणजे गोठ्यापर्यंतच तिचा आवाज विरून जाईल. ती सोय नसेल तर मागच्या राउटरला वेगळे नाव द्या आणि मुलीच्या लॅपटॉपमध्ये तेवढेच एक नाव जतन करून ठेवा. लॅपटॉप एका जागी बसणारा आहे, त्याला दुसरे नाव माहीत असण्याचे कारण नाही.