एव्हर्टनचं जुनं मैदान गुडिसन सुटलं, नव्या स्टेडियममध्ये मन रमत नाही. किती वेळ लागतो?

बुलन्सवाली

लिव्हरपूल क्लबवाल्यांनी हसून घ्यावं आणि पुढे जावं. प्रश्न बाकीच्यांना आहे.

नोकरीसाठी मी लिव्हरपूल शहरात आले आणि घर मिळालं ते नेमकं गुडिसन पार्कच्या मागच्या गल्लीत. फुटबॉलशी तोवर काडीचा संबंध नव्हता. शेजारच्या आजोबांचा नातू एकदा यायचा राहिला, त्याचं तिकीट त्यांनी मला दिलं आणि तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. पुढे माझं स्वतःचं सीझन तिकीट झालं, अप्पर बुलन्समध्ये, म्हणजे बुलन्स रोड स्टँडच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्याच रांगेत. लाकडी खुर्च्या, पायाखाली लाकडी फळ्या आणि समोर लोखंडी खांब. त्या खांबामुळे पार्क एंडकडचा अर्धा गोल मला कधी दिसलाच नाही. तिकडे कॉर्नर मिळाला की आमची अख्खी रांग एका बाजूला कलायची, आणि तरीही गोल झाला की नाही ते कळायला उजवीकडे मान वळवून दुसऱ्या टोकाच्या स्टँडातले ग्लॅडिस स्ट्रीटवाले उठले का ते बघावं लागायचं. ते उठले की आम्ही उठायचो.

आता ऑगस्ट २०२५ पासून सगळा कारभार ब्रॅमली-मूर डॉकवर, नदीकाठी. जुन्या मैदानापासून जेमतेम दोन मैल. जिथे एकोणचाळीस हजार मावायचे तिथे बावन्न हजारांच्या वर बसतात. माझ्या नव्या जागेवरून मैदानाचा इंच न् इंच दिसतो, गुडघे पुढच्याच्या पाठीत घुसत नाहीत. तक्रार करायला जागाच नाही, आणि बहुतेक तोच त्रास आहे.

नशिबानेही जोड छान लावून दिली होती. १८ मे २०२५ ला गुडिसनवर पुरुष संघाची शेवटची मॅच, साउथॅम्प्टनला २-० हरवलं, दोन्ही गोल इलिमान एन्जायचे. नव्या जागी लीगची पहिली मॅच २४ ऑगस्टला ब्रायटनशी, तीही २-०, आणि पहिला गोल परत एन्जायचाच. संघ मैदानात उतरतानाची झेड-कार्सची धून तीच, निळा रंग तोच. तरी पहिला गोल झाल्यावर मी उडी मारली आणि सवयीने डावीकडे वळले, तर तिथे कोणीतरी अनोळखी गृहस्थ फोनवर शूटिंग करत उभे.

आजोबा येत नाहीत. सँडहिल्स स्टेशनवरून वारा खात चालणं या वयात नको म्हणतात, घरी टीव्हीवर बघतात. रांगेतले बाकीचे पांगले. कोणी साउथ स्टँड घेतला, कोणी नातवंडांसोबत फॅमिली भागात गेलं.

आर्सेनल, वेस्ट हॅम, स्पर्स, अ‍ॅटलेटिको, मैदान बदललेल्या क्लबांचे कोणीही सांगा. तुम्ही कसे रुळलात? काय झालं म्हणजे नवी जागा आपली वाटायला लागते?

---

तोफखाना

ताई, आधी हिशेब चुकता करतो. तुमच्या डिक्सी डीनने १९२७-२८ च्या मोसमातला साठावा लीग गोल गुडिसनवर कोणाविरुद्ध मारला? आमच्या आर्सेनलविरुद्ध. त्यामुळे तुमच्या मैदानाबद्दल मला प्रेम असायचं काही कारण नाही, तरी लिहितो.

हायबरी या आमच्या जुन्या मैदानात आम्ही १९१३ पासून होतो. ७ मे २००६ ला शेवटची मॅच, विगनला ४-२. ऑन्रीने हॅटट्रिक पुरी केली आणि गुडघ्यावर बसून गवताचा मुका घेतला. ऑगस्टमध्ये एमिरेट्सवर लीगची पहिली मॅच अ‍ॅस्टन व्हिलाशी, आणि नव्या घरातला पहिला लीग गोल कोणाचा, तर व्हिलाच्या मेलबर्गचा! वास्तुशांतीलाच पाहुण्याने ताट पळवल्यासारखं. कशीबशी १-१ बरोबरी झाली.

नंतरची बरीच वर्षं तुम्ही म्हणता तेच. साठ हजार खुर्च्या, सगळं चकाचक, आणि बॉल पास झाल्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. हे काही आम्हालाच वाटत होतं असं नाही. २००९ मध्ये क्लबने खुद्द ‘आर्सेनलायझेशन’ नावाचा कार्यक्रम काढला. बाहेरच्या भिंतींवर जुन्या खेळाडूंची गळ्यात गळे घातलेली प्रचंड चित्रं लावली, पुढे क्लॉक एंड आणि नॉर्थ बँक ही हायबरीची नावं नव्या स्टँडांना दिली. चांगलं केलं. पण माझ्यापुरतं सांगायचं तर भिंतीवरच्या चित्राने काही होत नाही.

झालं ते १६ फेब्रुवारी २०११ ला. समोर बार्सिलोना, आम्ही ०-१ ने मागे. व्हॅन पर्सीने जवळजवळ अशक्य कोनातून बरोबरी केली आणि ८३व्या मिनिटाला अर्शाविन. त्या रात्री मी कोणाच्या गळ्यात पडलो ते मला आजही माहीत नाही. दुसरी रात्र ९ जानेवारी २०१२ ची, एफए कपमध्ये लीड्सविरुद्ध. ऑन्री उसना परत आलेला, बदली म्हणून उतरला आणि त्याची ती ठरलेली जागा, डावीकडून आत, लांबच्या कोपऱ्यात. १-०. हायबरीचा माणूस इथे येऊन गोल करून गेला, तेव्हा माझ्या डोक्यातली दोन मैदानं जोडली गेली.

म्हणजे स्थलांतरानंतर पाच-सहा वर्षं. तुमचं तर आता कुठे सुरू झालंय. आणि हो, हायबरीला चक्कर मारायची असेल तर जरूर मारा. ईस्ट स्टँडचा १९३६ चा दर्शनी भाग संरक्षित आहे म्हणून उभा आहे, आतमध्ये फ्लॅट आहेत आणि मैदान होतं तिथे रहिवाशांची बाग. मी एकदा गेलो, परत जाणार नाही.

---

हातोडा

तोफखाना, तुम्ही लोक फार नशीबवान आहात हो. हायबरीहून एमिरेट्स दिसतं तरी. आणि दोन्ही ठिकाणी मैदान फुटबॉलचंच.

आम्ही वेस्ट हॅमवाले १९०४ पासून बोलिन ग्राउंडवर. १० मे २०१६ ला मँचेस्टर युनायटेडला ३-२ हरवून निरोप घेतला, विन्स्टन रीडचा हेडर. तिथून गेलो कुठे, तर २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या अ‍ॅथलेटिक्स स्टेडियममध्ये, तेही भाडेकरू म्हणून, ९९ वर्षांच्या कराराने. धावपट्टीवर सरकत्या खुर्च्या आणून ठेवल्या म्हणून अंतर काही जात नाही. गोलच्या मागे बसलं की मधला रिकामा पट्टा बघतच नव्वद मिनिटं जातात. बोलिनवर थ्रो घेणाऱ्याच्या कानात शिवी घालता यायची. आता शिवी पोचेपर्यंत तो दुसऱ्या क्लबात गेलेला असतो.

मार्च २०१८ मध्ये बर्नलीकडून ०-३ हरताना लोक मैदानात उतरले, एक जण कॉर्नर फ्लॅग उपटून मधोमध जाऊन उभा राहिला. तो काही एका मॅचचा राग नव्हता.

तरीपण. १७ मार्च २०२२, युरोपा लीग, सेव्हिया. जादा वेळेत यार्मोलेंकोचा गोल, २-०. युक्रेनवर हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता आणि गोल एका युक्रेनियनचा. त्या रात्री ते भिकार भांडं खरंच दणाणलं. त्यामुळे तोफखान्याचं म्हणणं मला पटतं, फक्त अशा रात्री ठरवून मागवता येत नाहीत. तुम्ही आधी युरोपात तरी या.

---

आरसीसी

व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, एव्हर्टनचा नाही आणि कोणाचाच नाही. पण बुलन्सवालींच्या खांबावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तो खांब शत्रू नव्हता. आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनभर स्टँड उभे केले, बुलन्स रोडचा १९२६ चा स्टँडही त्याचाच. बाल्कनीच्या कठड्यावर लोखंडी पट्ट्यांची फुल्याफुल्यांची नक्षी दिसायची ना, ती त्याची सही म्हणायला हरकत नाही. छप्पर आणि वरचा मजला पुढच्या खांबांवर टेकवला की वरचा मजला खालच्याच्या डोक्यावर पुढपर्यंत आणता येतो. म्हणून अप्पर बुलन्समधून खेळाडू हाताला लागेलसा वाटायचा. खांब काढले की छप्पर मागून तोलून धरावं लागतं, आणि वरचा मजला खालच्यावर इतका पुढे काढता येत नाही. मध्ये खास पाहुण्यांच्या काचेच्या बॉक्सचा एक थर घातला की तो आणखी वर जातो.

त्यात आता प्रत्येकाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे. डिझाइनमध्ये त्याला सी-व्हॅल्यू म्हणतात. तुमची नजर पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती वरून जाते ते माप, सर्वसाधारणपणे ९० मिलिमीटर धरतात. प्रत्येक रांगेला हे सांभाळायचं तर मागची रांग उंच उचलावी लागते. पाय पसरायला जागा दिली की ती मागेही सरकते. तुमच्या गुडघ्यांना मिळालेली मोकळीक आणि मैदानापासूनचं वाढलेलं अंतर ही एकाच निर्णयाची दोन टोकं आहेत.

आवाजाचंही तसंच. जुनी छपरं बुटकी, पत्र्याची, चाहत्यांच्या अगदी डोक्यावर, आवाज तिथल्या तिथे आदळून परत यायचा. फळ्यांवर हजारो लोकांनी पाय आपटले की स्टँडच ढोल व्हायचा, काँक्रीट ते करू देत नाही. एमिरेट्स आणि वेस्ट हॅमच्या लंडन स्टेडियमच्या अनुभवातून पुढच्यांनी धडा घेतला हे मात्र खरं. स्पर्सनी २०१९ मध्ये साडेसतरा हजारांचा सलग एकमजली साउथ स्टँड उभारला, एव्हर्टनचा साउथ स्टँडही त्याच वळणाचा, उतार जवळपास ३५ अंश. तेव्हा ताई, आवाज हवा असेल तर पुढच्या मोसमात जागा बदला, स्टेडियमला दोष नको. लीचची ती फुली नव्या स्टेडियमच्या विटांच्या भिंतीत उतरवली आहे, बघितलीत का?

---

चाकावरची

सगळ्यांचे कढ वाचून झाले, आता माझं ऐका.

मी व्हीलचेअर वापरते. जुन्या मैदानांचं जे वर्णन तुम्ही इथे उसासे टाकत करताय, अरुंद दरवाजे, अंधारे जिने, वर जायला लिफ्ट नाही, ते माझ्यासाठी ‘येऊ नका’ लिहिलेली पाटी होती. कितीतरी जुन्या मैदानांत आमच्यासाठी म्हणजे टचलाइनजवळ, पावसात, मोजक्या जागा. पुढचे उठले की दिसणार त्यांच्या जॅकेटची पाठ. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेबद्दल बुलन्सवाली सोयीस्करपणे गप्प बसल्यात.

आणि जुनी मैदानं बदलली ती काही कोणाला हौस होती म्हणून नाही. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरो मैदानात जी चेंगराचेंगरी झाली तिच्यात ९७ माणसं गेली. त्यानंतर त्याच्या चौकशीचा टेलर अहवाल आला आणि वरच्या विभागांतल्या क्लबांना सगळे प्रेक्षक बसतील अशी व्यवस्था करावी लागली. त्याच्या चार वर्षं आधी ब्रॅडफर्डमध्ये लाकडी स्टँड पेटला आणि ५६ माणसं मेली. फळ्यांखाली साठलेला कचरा पेटला होता. त्याच लाकडी फळ्या, ज्यांच्या ढोलाचं आत्ता आरसीसीने कौतुक केलं.

आठवणी काढा, माझी ना नाही. फक्त ‘तेव्हा सगळे एकत्र होतो’ म्हणू नका. आम्ही नव्हतो.

---

आरसीसी

मान्य. ढोलाबद्दल लिहिताना ब्रॅडफर्डचा उल्लेख करायला हवा होता.

---

बुलन्सवाली

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

चाकावरची, स्वच्छतागृहाबद्दल बरोबर पकडलंत, अप्पर बुलन्समध्ये मध्यंतराच्या पाच मिनिटं आधीच उठावं लागायचं. आणि नव्या जागी आमच्या ब्लॉकमध्ये व्हीलचेअरवाल्यांची रांग उंचावर आहे, पुढचे उभे राहिले तरी त्यांना दिसतं. तिथे एक काकू दर मॅचला येतात, माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. गुडिसनवर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि का नव्हतं याचा विचारही केला नव्हता.

हातोडा, युरोपाचं नाव काढू नका, जखमेवर मीठ आहे.

आरसीसी, फुल्या बघितल्या. खांब मागे सोडला आणि कठड्याची नक्षी भिंतीत घातली, यावर हसावं की रडावं ते ठरत नाही. पण साउथ स्टँड नको. तिथे नव्वद मिनिटं उभं राहायचं, आणि माझी इच्छा अजून अशी आहे की कधीतरी आजोबांना घेऊन यावं.

एक राहिलं होतं. गुडिसन पाडायचा बेत शेवटी रद्द झाला आणि आता तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. मला हे फार मोठं वाटतं, कारण त्या मैदानाच्या कडेला शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. आजोबांच्या थोरल्या भावाच्याही आहेत असं ते सांगतात. खुद्द डिक्सी डीन १९८० मध्ये लिव्हरपूलविरुद्धची मर्सीसाइड डर्बी बघताना गुडिसनवरच गेला. तिथे फ्लॅट झाले असते तर आजोबांनी त्या रस्त्याने जाणं सोडलं असतं.

तर तेही महिला संघाच्या मॅचला येतात. पहिल्यांदा नाक मुरडत आले होते, ‘आमच्या वेळी’ वगैरे झालं. विसाव्या मिनिटाला लाइन्सवुमनला ऑफसाइडचा नियम समजावून सांगत होते, तारस्वरात. आता खेळाडूंची नावं मला विचारत नाहीत, मला सांगतात.

---

तोफखाना

मग तुमचा प्रश्न सुटला की. पुरुष संघासाठी नदीकाठी, आजोबांसाठी गुडिसन.

---

बुलन्सवाली

कुठला सुटला? दोन्हीकडे जायचं तर महिन्यातले सगळे शनिवार-रविवार गेले. नवरा विचारतोय की घरी कधी असशील. त्याला उत्तर काय द्यायचं ते कोणीतरी सांगा.

---

हातोडा

त्याला आमचं सीझन तिकीट काढून द्या. महिनाभरात तुमच्या घरी नसण्याची त्याला काही पडलेली नसेल, त्याची स्वतःची दुःखं पुरतील.