शब्दचर्चा : 'फंकी' आणि 'रीइश्यू' मराठीत कसं लिहावं?

जॅझमधले ऑल्टो सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसन (१९२६-२०२४) यांच्यावर लेख लिहायला घेतला आहे. १९५४ साली ड्रमवादक आर्ट ब्लेकींबरोबर न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात बीबॉप, म्हणजे वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ वाजवणारा हा कलाकार १९६७च्या 'अ‍ॅलिगेटर बूगलू' या रेकॉर्डपासून पार नाचऱ्या वळणाला गेला. १९७०च्या एलपीचं तर नावच 'एव्हरीथिंग आय प्ले इज फंकी'. ब्लू नोट कंपनी या रेकॉर्डी पुन्हा पुन्हा काढत असते. 'फंकी'साठी 'झिंगदार' सुचतोय आणि 'रीइश्यू'साठी 'पुनर्मुद्रण'. चालतील का?

प्रतिसाद :
'झिंगदार' नको. त्यात नशा आहे, आणि या संगीतात वादक कमालीचे सावध असतात.

'फंक' म्हणजे मुळात उग्र दर्प, घामाचा, कोंदट खोलीचा. न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेटवादक बडी बोल्डन यांची 'फंकी बट' ही चाल गाजली, तेव्हा शब्दात तो वास होताच. पुढे कृष्णवर्णीय वादकांनी तोच कौतुकाचा केला : वाजवणं घासूनपुसून गुळगुळीत केलेलं नाही, त्यात ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकगायकीचा आणि चर्चमधल्या गाण्याचा अंश शिल्लक आहे. पियानोवादक होरेस सिल्व्हर यांनी १९५३ सालीच एका रचनेच्या नावात 'फंक' घातला होता.

मराठीत मात्र 'फंकी' आला तो शर्ट आणि चष्म्यांबरोबर. 'काय फंकी शूज आहेत!' यात वासही नाही, तालही नाही. वाचक नेमका हाच अर्थ घेईल. म्हणून 'फंकी' तसाच ठेवा, पण पहिल्या उल्लेखापाशी ते संगीत कसं चालतं हे दोन वाक्यांत सांगा. 'अ‍ॅलिगेटर बूगलू'त स्वतंत्र बासवादक नाही, बासचे, म्हणजे खर्जातले सूरही लॉनी स्मिथ ऑर्गनवरच सांभाळतात. ड्रमवर न्यू ऑर्लिन्सचे लिओ मॉरिस, म्हणजे पुढचे इद्रिस मुहम्मद. त्यांच्या ठेक्यात तिथल्या रस्त्यावरच्या मिरवणुकीची चाल आहे. विशेषण हवंच असेल तर मी 'रांगडा ठेका' म्हणेन. 'ठसकेबाज'ही सुंदर शब्द, पण तो ऐकला की लावणीच डोळ्यांपुढे येते.

प्रतिसाद :
'पुनर्मुद्रण' इथे घात करेल! पुस्तकाच्या बाबतीत मुद्रण म्हणजे छपाई, रेकॉर्डच्या बाबतीत ध्वनिमुद्रण. 'पुनर्मुद्रित अ‍ॅलिगेटर बूगलू' वाचून डोनाल्डसन पुन्हा स्टुडिओत गेले असंच वाटेल. 'पुनर्प्रकाशन' सर्रास दिसतो, पण 'प'च्या आधी विसर्ग टिकतो, म्हणून शुद्ध रूप 'पुनःप्रकाशन'. ते जड वाटलं तर 'फेरप्रकाशन' घ्या. फेरमतदान, फेरतपासणी यांच्या पंगतीत बसतो. आणि बोलीत 'रेकॉर्ड पुन्हा निघाली' यापेक्षा सोपं काय?

रीमास्टर वेगळा : त्यात जुन्या टेपवरचाच आवाज नव्याने नीट करून घेतात. 'अ‍ॅलिगेटर बूगलू' ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतल्या आपल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. ब्लू नोटसाठी केलेली आपली जुनी कामं १९९९ पासून त्यांनी स्वतःच नव्याने मास्टर केली. तिथे 'मूळ टेपवरून नव्याने मास्टर केलेली' असं सरळ लिहावं, एका शब्दाचा हट्ट नको.

आणखी एक. 'द स्कॉर्पियन' ही मैफल नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूअर्कच्या कॅडिलॅक क्लबात ध्वनिमुद्रित झाली, पण बाहेर आली १९९५ साली. तिला 'पुनः'ही नको, 'फेर'ही नको. ती तेव्हाच पहिल्यांदा निघाली.

मूळ प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. 'फेरप्रकाशन' घेतो. हिपहॉपवाल्यांनी डोनाल्डसन यांच्या 'ओड टू बिली जो'मधला ड्रमचा तुकडा वारंवार उचलला, त्याला 'ड्रम ब्रेक'च लिहू का?

प्रतिसाद :
हो, आणि पुढे 'बाकीचे थांबतात, नुसता ठेका उरतो' एवढं जोडा. 'तोडा' लिहू नका, तबल्यात आणि कथकात त्याचा अर्थ ठरलेला आहे.