बजी पोपटाचा पाय लुळा पडला की लगेच ऑपरेशन?

मंगळवारपेठकर: काल एका ताईंनी लिहिलं, "माझ्या बजीचा एक पाय लुळा पडलाय, नसेचं ऑपरेशन करायला पुण्याला नेतेय. ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी पक्षी पाळूच नयेत." ताई, ३५ ग्रॅमचा जीव तो. अंगात रक्तच साडेतीन मिली, अर्धा मिली गेलं तरी धोका. बजीचा एकच पाय गेला की बऱ्याचदा किडनीत गाठ निघते. पायाची नस किडनीतूनच जाते, गाठ तिला दाबते. किडनी मणक्याला चिकटून, हाडाच्या खोबणीत. तिथं सुरी घालणार कोण? वर या उन्हात सोलापूरहून अडीचशे किलोमीटर!

बाळीवेस_कबुतरवाला: खरंय बे. माझ्या कबुतराची मान उलटी फिरायलती. दाणा टिपायला जायचं अन् चोच पडायची बाजूला. खोल वाटीत दाणे दिलो, वेगळं ठेवलो, हातानं भरवलो. आलं सरळ. कुठलं ऑपरेशन अन् काय.

बजीची आई: कबुतराची मान फिरते ती व्हायरसनं, त्याचा इथं काय संबंध? जस्ताच्या जाळीचा तुकडा गिळला असेल तर? दुर्बिणीनं काढतात, नाहीतर पोट उघडून. सोबत अंगात भिनलेलं जस्त बाहेर काढायला कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं. इथल्या डॉक्टरांनी पिंजऱ्यात हात न घालताच "व्हिटॅमिन द्या" म्हणून पिटाळलं. म्हशीच्या पलीकडे काही बघायचंच नाही!

मंगळवारपेठकर: तुकडा काढतात, मान्य. पण ते पोटाचं ऑपरेशन झालं, नसेचं नाही. आणि जस्तानं पक्षी सगळाच ढिला पडतो, सहसा एकच पाय नाही.

उघडा_पिंजरा: ते राहू द्या. ताई, तुमच्या फोटोत मागे कंठवाला पोपट दिसतोय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

बाळीवेस_कबुतरवाला: आला कायदेवाला! आमच्या आजोबापासून घरात पोपट होता. सोडला तर मांजर खाईल, तू सांभाळतो का बे?

उघडा_पिंजरा: वनखात्याकडे द्यायचा असतो. आजोबांच्या नावावर किती दिवस खपवणार? पंख छाटून "मिठू मिठू" करायचं आणि वर पक्षीप्रेमी!

बाळीवेस_कबुतरवाला: पंख कोण छाटलं बे? तोंड सांभाळून. संक्रांतीला मांज्यात कापलेल्या घारी कोण उतरवतं, विचार जा बाळीवेशीत.

मंगळवारपेठकर: धागा बजीचा आहे हो. ताई, एक्स-रे काढला का?

बजीची आई: पोपट शेजारच्या काकूंचा आहे, त्यांनाच शिकवा कायदा. एक्स-रे उद्या. गाठ निघाली तर तुमचंच खरं, पेढे वाटा. तुकडा निघाला तर मात्र मी पुणं गाठणार, कुणाला विचारणार नाही.