दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी व्यक्तिचित्र: चष्मा, जर आणि शीर्षकाची जागा

छायाप्रकाश:
आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर यंदा चित्राऐवजी छायाचित्र घ्यायचे ठरले असून ते काढण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. ज्यांचे छायाचित्र घ्यायचे, त्या ७२ वर्षांच्या रंगकर्मी आहेत, जाड भिंगांचा चष्मा कायम लावतात आणि जांभळी पैठणी नेसून येणार आहेत. त्यांना तासाभराहून अधिक वेळ बसवणे मला योग्य वाटत नाही. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, दोन फ्लॅश आणि एक मोठा ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी) आहे. काल एका सहकारी ताईंना बसवून चाचणी घेतली, तेव्हा चष्म्याच्या काचांत ऑक्टाबॉक्सचे पांढरे वर्तुळ उमटून डोळेच झाकले गेले आणि पदराची जर पांढरीफटक आली. चष्मा काढायला सांगावे का?

मुखपृष्ठकार:
चष्मा काढायला सांगू नका. वाचक त्यांना चष्म्यासहच ओळखतात. प्रकाशयोजनेचे जाणकार सांगतीलच, मी पानाबद्दल लिहितो. अंकाचा आकार साडेआठ बाय अकरा इंच असेल, तर ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) २५५० बाय ३३०० पिक्सेल पुरतात आणि कापणीसाठी चहूबाजूंनी ३ मिमी वाढवले तरी आपला कॅमेरा त्याहून बरेच अधिक देतो. म्हणून चौकट घट्ट बांधू नका, दोन पावले मागे या. माझ्या पहिल्या मुखपृष्ठाच्या वेळी मी अंबाडा चौकटीच्या वरच्या कडेला टेकवला होता. अंकाचे नाव थेट कपाळावर आले आणि शेवटी पार्श्वभूमी वर ओढून वाढवावी लागली, ती छपाईत स्पष्ट दिसली. अंकाचे नाव असलेली पारदर्शक चौकट संपादकांकडून आधीच मागवा आणि कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून प्रत्येक छायाचित्र तिच्याखाली ठेवून पाहा.

जुना स्टुडिओ:
काचेवर प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, त्यामुळे दिवा उंच आणि बाजूला नेत राहिलात की एका ठिकाणी ते वर्तुळ काचेतून निसटते. ऑक्टाबॉक्स जितका मोठा, तितका तो अधिक सरकवावा लागतो. तरीही कडेला चमक उरली, तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचला. काचा खाली झुकतात आणि समोरून ते लक्षातही येत नाही. बिनकाचेची फ्रेम घालून छायाचित्र काढण्याचा सल्ला कोणी देईल, पण जाड भिंगांमागे डोळ्यांचा आकार बदललेला असतो आणि घरच्यांना ते छायाचित्र परके वाटते.

जरीसाठी ऑक्टाबॉक्सचे तोंड थोडे वर वळवून त्याच्या कडेचाच प्रकाश खांद्याखाली पोहोचू द्या. पदराच्या बाजूला काळा पुठ्ठा धरलात तर आणखी उत्तम. चेहरा दिव्यापासून १ मीटरवर आणि मागचा पडदा ३ मीटरवर असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच प्रकाश पडतो. तेव्हा दुसरा फ्लॅश पडद्यासाठी राखून ठेवा. कॅमेऱ्यावर छिद्रमान एफ ८, शटरचा वेग १/१२५ सेकंद आणि संवेदनक्षमता आयएसओ १०० येथून सुरुवात करावी. मांडणीची ही सारी खटपट सहकारी ताईंना बसवून आधीच संपवा, म्हणजे बाई आल्यावर आपले लक्ष फक्त त्यांच्याशी बोलण्याकडे राहील.

छायाप्रकाश:
मनःपूर्वक आभार. आज दिवा जवळजवळ हातभर वर नेला, काड्या उचलल्या आणि बुबुळे स्वच्छ दिसली. बुबुळांच्या वरच्या भागात प्रकाशाचा लहानसा ठिपकाही राहिला. आता छायाचित्राच्या संगणकावरील संस्करणाविषयी विचारतो: सुरकुत्या किती ठेवाव्यात?

मुखपृष्ठकार:
सगळ्या ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवशी उठलेली पुटकुळी किंवा विस्कटलेली बट काढा, मात्र पन्नास वर्षे रंगभूमीवर हसून-रडून पडलेल्या रेषा पुसण्याचा अधिकार आपल्याला नाही. डोळ्यांखालची सावली फार गडद वाटली तर डॉज-बर्नने (निवडक भाग उजळ किंवा गडद करण्याच्या साधनाने) किंचित उजळावी, त्वचेचा पोत मिटवणारा ब्लर टाळावा.

खरी काळजी त्या जांभळ्या रंगाची घ्या. सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) जांभळा बऱ्याचदा निळसर आणि मळकट होतो. सुरुवातीला ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचे करडे कार्ड) हातात देऊन एक छायाचित्र घ्या, मुद्रकाकडून त्यांचे रंगप्रोफाइल (त्यांच्या छपाईत रंग कसे उमटतात याची फाइल) मागवा आणि स्क्रीनवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा अंदाज, पाहून मगच रंग जुळवा. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन (बिनचमकीचे पातळ प्लास्टिक आवरण) होणार असेल, तर रंग आणखी थोडे मंद होतात. त्यामुळे लॅमिनेशनसह एक नमुना छापून मागा आणि दिवसाच्या उजेडात तो पैठणीच्या पदराशेजारी धरून पाहा.