मेणचित्रं सुरू करायची आहेत: साहित्य, जागा आणि सोबत याबद्दल सल्ला हवा

खारीबिस्कीट
नमस्कार मंडळी. मी पुण्यात असते, जलरंग बरीच वर्षं करतेय. सध्या एन्कॉस्टिकचं, म्हणजे वितळलेल्या मेणात रंग मिसळून चित्रं काढायचं, खूळ डोक्यात शिरलंय. इजिप्तमधल्या फयूमची मुखचित्रं नेटवर बघितली आणि अडकलेच. रोमन काळातली, लाकडी फळीवर मेणात रंगवलेली, पण नजर अशी की माणूस आत्ता काहीतरी विचारेल. जलरंगात ती खोली माझ्याच्याने आणवत नाही.

परदेशी रंगांचा संच घ्यावा का? किंमत बघून पोटात गोळा आला. फ्लॅटमध्ये, घरात लहान पोर असताना हे जमतं का? आणि मुख्य म्हणजे, हे करणारं कुणी आहे का इथे? एकटीने चाचपडायचा कंटाळा आलाय.

तवाफिरंगी
ताई, संच अजिबात घेऊ नका. आधी मेण आणि आच हाताखाली येऊ द्या, मग रंगांचं बघा.

मधमाश्यांचं मेण आणि दमार राळ (झाडाचा वाळलेला चीक), वजनाने साधारण आठास एक. राळेने थर कडक होतो आणि पुढे मेणावर पांढुरकी झाक धरते तीही कमी होते. राळेत सालपटं, काड्या निघतात, म्हणून वितळलेलं मिश्रण जुन्या सुती फडक्यातून गाळायचं आणि मफिनच्या साच्यात वड्या पाडायच्या. राळ वितळायला जास्त आच लागते, तेव्हा हे काम गच्चीवरच. पूजेच्या दुकानातली राळ घेऊ नका, त्यात काय काय असतं कुणास ठाऊक.

मेणात पॅराफिनची भेसळ सर्रास असते. त्यामुळे थेट मधपाळाकडून घ्या. पुण्यातच खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी केलीत तर पाळणाऱ्यांचे पत्ते मिळतील.

रंगांसाठी एक युक्ती. घरातला तैलरंग वर्तमानपत्रावर पिळून ठेवा. रंगाभोवती तेलाचं पिवळट कडं पसरतं. तेल बरंचसं शोषलं गेलं की उरलेला घट्ट रंग वितळलेल्या वडीत घाला. थोडाच हं, तेल जास्त झालं तर मेण घट्टच होत नाही. सुट्या रंगपूडीच्या भानगडीत एवढ्यात पडू नका. ती श्वासात जाते, आणि कॅडमियम-शिशाच्या पुड्या तर लहान मुलाच्या घरात नकोतच.

जुनाखडू
तवाफिरंगींना अनुमोदन. भर घालतो.

मेण 62-64 अंशांना वितळतं, काम 80 ते 95 च्या दरम्यान करायचं. 105 च्या वर गेलात की धूर आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ. म्हणून गॅस नको, इलेक्ट्रिक हॉटप्लेट, तिच्यावर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा आणि पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा थर्मामीटर. थर्मामीटरवर पैसे वाचवू नका. खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. छताचा पंखा वाफ खोलीतच घुसळतो. मेणाने पेट घेतला तर झाकण टाका, पाणी चुकूनही नाही. आणि पोर शाळेत असतानाच बसा, यावर चर्चा नको.

खारीबिस्कीट
बाप रे, बरं! कॅनव्हास चालेल का? ढीगभर पडलेत घरी.

जुनाखडू
नाही. ताणलेला कॅनव्हास लवचिक, मेण ठिसूळ, तडे जातात. शिवाय त्यावरचा अॅक्रिलिक जेसो (पांढरं अस्तर) मेण शोषत नाही, थर पापुद्र्यासारखा सुटतो. तुम्ही जलरंगवाल्या, तुमच्याकडे जाड कागद असणारच. तो प्लायवर चिकटवा, मेण झक्कास पितो. ब्रश मात्र केसांचेच घ्या, नायलॉनचा तव्यावर वितळून जाईल.

नवा थर खालच्या थराशी सांधायला हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) कमी वेगावर ठेवून फिरवायची. मॅट पृष्ठभाग अचानक ओला चकाकतो, त्याच क्षणी हात पुढे न्यायचा. तिथेच रेंगाळलात तर खालचा थरही वाहतो आणि रेघा पसरतात. हे वाचून येत नाही, एखादी फळी सरावापायी खराब करावीच लागते.

हडसनकाठ
मी न्यूयॉर्क राज्यात राहते. किंग्स्टनला आर अँड एफ हे एन्कॉस्टिक रंग बनवणारे आहेत, त्यांच्या कार्यशाळा असतात. अमेरिकेतल्या कुणाला यायचं असेल तर ते उत्तम. भारतातून सोबत हवी असेल तर इंटरनॅशनल एन्कॉस्टिक आर्टिस्ट्स ही ना-नफा संस्था बघा. त्यांचं वॅक्स फ्यूजन हे नियतकालिक आहे, त्यात कलाकार आपापली पद्धत सांगतात. आवडलेल्या कलाकाराला सरळ लिहा, पण 'मार्गदर्शन करा' असं मोघम नको. चित्राचा फोटो, तापमान, कोणती फळी, कुठे बिघडलं असं नेमकं विचारलं तर लोक भरभरून उत्तर देतात. मेणवाली मंडळी तशी थोडीच आहेत, त्यामुळे नव्या माणसाचं कौतुक असतं.

इथून हॉटप्लेट मात्र मागवू नका, आमच्या 120 व्होल्टच्या.

पाचूबंदर
एवढा खटाटोप कशाला? कोल्ड वॅक्सने (न तापवता वापरायच्या मऊ मेणाने) सुरुवात करा, आच नाही की वाफ नाही.

तवाफिरंगी
दादा, त्यात सॉल्व्हंट (उडून जाणारं द्रावक) असतं, तेव्हा खिडकी तिथेही उघडीच ठेवावी लागते. आणि ते वाळायला वेळ घेतं. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्सने 1954-55 मध्ये 'फ्लॅग' हे चित्र करताना मेण धरलं ते याचसाठी, लगेच घट्ट होतं आणि ब्रशचा फटकारा जसाच्या तसा राहतो. ताईंना फयूम हवंय, त्यांना गरम मेणच करू द्या.

ताई, आणखी एक. पुण्यात बाटिक करणारे शोधा. चित्रं वेगळी, पण मेण कुठे मिळतं, आच कशी राखायची हे त्यांना पाठ असतं. सोबत म्हणून तेही वाईट नाहीत.

खारीबिस्कीट
सगळ्यांचे आभार. थर्मामीटर मागवला. मेण किलोने घेतलं तर परवडेल असं वाटतंय. पुण्यातलं कुणी अर्धं वाटून घेणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. वड्या माझ्या गच्चीवर पाडू, राळ मी आणते, फडकं आपापलं.