पहिलाच रीफर (माल गोठलेला ठेवणारा कंटेनर) मागवतोय, बेरीचा. हिशेब तपासून द्या

बर्फवाला:
नमस्कार मंडळी. गोठवलेल्या भाज्यांचा धंदा करतो, नऊ वर्षं झाली. आमची बाजारपेठ एवढीशी, पिकत काही नाही, सगळं बोटीनं येतं. बेरी आजवर एका मोठ्या आयातदाराकडून पन्नास-पन्नास खोकी उचलत आलो. त्याचा नफा बघून पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? आता पोलंडच्या एका कारखान्याचा भाव आलाय. स्ट्रॉबेरी, रासबेरी, ब्लूबेरी, सगळं आयक्यूएफ, म्हणजे दाणा न् दाणा सुटा गोठवलेला, दहा किलोची खोकी, सीआयएफ, म्हणजे आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भावातच धरलेला. अट एकच, चाळीस फुटी रीफर भरून घ्यायचा. म्हणजे वीस-बावीस टन. माझा खप महिन्याला दीड टन. उणे १८ अंशांवर माल दोन वर्षं टिकतो म्हणतात, तर चौदा-पंधरा महिन्यांत संपेल. बायको म्हणते, या हिशेबात कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे ते सांगा.

गोदीकाका:
वहिनींचं बरोबर आहे. ती दोन वर्षं पॅकिंगच्या तारखेपासून मोजतात, बोट धक्क्याला लागल्यापासून नाही. तिकडे रासबेरीची मुख्य तोडणी उन्हाळ्यात. जुलैचा माल तुम्ही मार्चमध्ये उतरवलात तर आठ महिने आधीच गेले. उरले सोळा, त्यातले पंधरा तुम्हालाच विकायला हवेत. शेवटची खोकी कोण घेणार? काही देशांत तर ठराविक मुदत शिल्लक नसेल तर माल आतच घेत नाहीत. आणि कोल्ड स्टोरेजचं भाडं धरलंत का?

बर्फवाला:
धरलंय. सहा महिन्यांचं. हसू नका.

उणे अठरा:
हसत नाही, माझा दुसरा कंटेनर आठवला. लॉगरची, म्हणजे वाटभर तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची, पट्टी अगदी सरळ, वाटेत कुठे चढ-उतार नाही. खोकं उघडलं तर रासबेरीचा एकच गोळा, पिशवीच्या आत बर्फाचा चुरा. माल भरण्याआधीच कुठेतरी अर्धवट वितळून पुन्हा गोठला होता. रीफर माल गोठवत नाही हो, आधीच गोठलेला माल त्या तापमानात फक्त राखतो. पुरवठादार म्हणाला, आमच्याकडून ठणठणीत निघाला. विमावाल्यानं विचारलं, प्रवासात नुकसान झाल्याचा पुरावा कुठे आहे? लॉगर तर उलट साक्ष देत होता. सीआयएफमध्ये विमा आणि भाडं विकणारा भरतो, पण माल बोटीवर चढला की जोखीम आपली. हे मला तेव्हा तोंडपाठ होतं, उमगलं मात्र त्या दिवशी.

आता मी भरताना खोक्यात खुपसलेल्या थर्मामीटरचे फोटो मागते, कंटेनर नंबर दिसेल असे. फक्त हवेचं तापमान नको, फळाचं हवं. स्वतःचा एक लॉगर दाराजवळच्या खोक्यांत ठेवायला लावते, कारण दाराकडची बाजू सगळ्यात आधी तापते. आतल्या लाल रेषेच्या वर खोकी रचू देत नाही, नाहीतर वरून हवा फिरत नाही. माल आला की पहिली परीक्षा कानाची. पिशवी हलवली की गोट्या वाजल्यासारखं वाजलं पाहिजे.

आणि मुख्य मुद्दा. मोठ्या बाजारात असा गोळा झालेला माल ज्यूसवाल्याला तोट्यात का होईना खपतो. आपल्याकडे घेणारे दहा-बारा, आणि संध्याकाळपर्यंत त्या सगळ्यांना कळलेलं असतं. तेव्हा भाव किलोमागे किती कमी, हे जरा बाजूला ठेवा.

तुम्ही भाज्या आणताच की! तिकडचे बरेच कारखाने दोन्ही गोठवतात. मिश्र कंटेनर मागा. सहा-सात टन बेरी आणि उरलेल्यात मटार, गाजर, फ्लॉवर. तापमान सगळ्यांना तेच. किलोमागे थोडं जास्त पडेल, पण पंधरा महिन्यांचा माल चार-पाच महिन्यांवर येईल. तोटाही सांगते. कस्टमच्या वर्गवारीत बेरी ०८११ खाली, भाज्या ०७१० खाली, कागद दुप्पट, आणि एका मालाची तपासणी अडली की सगळा कंटेनर अडतो.

गोदीकाका:
अडला की धक्क्यावर विजेचं बिल रोज चढतं, डिमरेज, म्हणजे कंटेनर मुदतीपलीकडे अडकल्याचा आकार, वेगळं. कागदांच्या प्रती बोट निघताच मागवा.

नमुना क्र. ७:
मी प्रयोगशाळेत काम करते, धंद्यातली नाही. एक गोष्ट सगळ्यांनी सोडलीय. गोठवल्यानं विषाणू मरत नाहीत, उलट टिकतात. २०१२ मध्ये जर्मनीत चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीमुळे सुमारे ११,००० लोकांना उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसची बाधा झाली, बहुतेक शाळकरी मुलं. २०१३ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात गोठवलेल्या बेरींतून हिपॅटायटिस ए पसरला. रासबेरी नाजूक, हातानं तोडतात आणि बहुतेकदा न धुताच गोठवतात.

पुरवठादार 'विषाणू आढळला नाही' असा अहवाल पाठवेल. नमुना काही ग्रॅमचा, कंटेनर वीस टनांचा. अहवाल घ्याच, पण शेतापर्यंतचा माग, सिंचनाचं पाणी, तोडणाऱ्यांसाठी शौचालय आणि हात धुण्याची सोय, हेही विचारा. आणि कुठला लॉट कोणाला दिला याची वही ठेवा. हिपॅटायटिस ए ची लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. तोवर माल खाऊन संपलेला असतो.

बर्फवाला:
वही? माझ्याकडे उधारीची आहे फक्त. आणि एक विचारतो, गिऱ्हाईक कच्चंच वापरत असेल तर?

नमुना क्र. ७:
जॅमवाल्याची काळजी कमी, तो उकळतोच. स्मूदीवाल्याला आणि केकवर तशीच ठेवणाऱ्याला स्पष्ट सांगा, मिनिटभर खळखळून उकळा. आयर्लंडची अन्नसुरक्षा संस्था आयात केलेल्या गोठवलेल्या बेरींबद्दल हेच सांगते. स्मूदीवाला चिडेल. चिडू द्या.

उणे अठरा:
जॅमवाला आहे ना तुमच्याकडे? मग त्याला अख्ख्या दाण्याची रासबेरी कशाला विकता? तुटक्या दाण्याचा भुगा वेगळ्या प्रतीत येतो, बराच स्वस्त. शिजल्यावर कोण मोजतंय दाणे!

बर्फवाला:
आज कारखान्याशी बोललो. मिश्र कंटेनरला आढेवेढे घेतले, शेवटी हो म्हणाले, बेरी सात टन. भुग्याचं विचारल्यावर समोरचा बाई-बुवा जो कोण होता तो एकदम आदरानं बोलायला लागला. थर्मामीटरच्या फोटोंवर मात्र अजून उत्तर नाही. ते येईपर्यंत आगाऊ रक्कम पाठवत नाही. बायकोनं वही आणून ठेवलीय, दोनशे पानी.